एक्केचाळीस टक्के

मोरेश्वर हुपरीकरला आयुष्यात प्रसिद्धी मिळाली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि ती टिकली जेमतेम आठ आठवडे. पहिले काही दिवस ती ऑफिसातल्या एका मजल्यापुरतीच होती. पुढे त्याने स्वतःच्या हिमतीवर ती शिकागोजवळच्या नेपरव्हिलभर पसरवली.

तो कर्नलवर काम करायचा. हे वाक्य त्याने अमेरिकेतल्या तीस वर्षांत शेकडो पार्ट्यांमध्ये उच्चारलं होतं, आणि दर वेळी समोरच्याच्या डोळ्यांत त्याला एकच काळजी दिसली होती, की हा माणूस आता किती वेळ बोलणार. मराठी मंडळातल्या एका काकांचा तर बरीच वर्षं समज होता की मोरेश्वरचा फौजेशी काहीतरी संबंध आहे. भेटले की ते छाती किंचित पुढे काढून हात मिळवायचे. मोरेश्वरने तो समज दूर करायची घाई केली नाही. तेवढा मान त्याला दुसरीकडे कुठे मिळत नव्हता.

खरं तर हा कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला एक भाग, वापरणाऱ्याला कधीच न दिसणारा. त्यातही मोरेश्वरचा प्रांत अगदी चिंचोळा. आपण एखादी फाइल सेव्ह केली की ती नेऊन डिस्कवर नीट लिहून ठेवायचं काम फाइल सिस्टीम करते. त्या फाइल सिस्टीमची लिहिण्याची बाजू मोरेश्वरकडे होती. वाचण्याची बाजू मिहीर नावाच्या माणसाकडे होती. दोघांची टेबलं शेजारी होती आणि दोघे एकमेकांशी फारसे बोलत नसत.

त्यांची कंपनी माहिती साठवायची मोठी मशीन बनवून हॉस्पिटलांना, सरकारी कचेऱ्यांना, प्रयोगशाळांना विकायची. दोन वर्षं सेल्सवाल्यांचं एकच रडगाणं चालू होतं, की आपलं मशीन लिहायला फार वेळ लावतं. एप्रिलमध्ये मोरेश्वरला त्याचं कारण सापडलं. मशीन लिहिताना सारखं थांबत होतं. मजकूर डिस्ककडे पाठवायचं आणि विचारायचं, लिहिलंस का? डिस्क म्हणायची, लिहिलं. मग ते आपल्या यादीत टिपून ठेवायचं की अमुक फाइल अमुक जागी आहे, आणि मगच पुढे सरकायचं. दिवसातून लाखो वेळा ही विचारपूस. मोरेश्वरने ठरवलं, की हा जुन्या काळचा संशयी स्वभाव आहे, आजच्या डिस्क हुशार आहेत. त्याने ते थांबणं काढून टाकलं. मशीनने यादीत ताबडतोब टिपायचं, विचारणाऱ्याला ‘झालं’ म्हणून सांगायचं आणि खरा मजकूर मेमरीत धरून ठेवून पाच-दहा मिनिटांनी सवडीने एकदम डिस्कवर पाठवायचा, असा नवा कारभार त्याने लावून दिला. मुख्य बदल म्हणजे सात ओळी खोडल्या. लिहिण्याचा वेग एक्केचाळीस टक्क्यांनी वाढला.

टीमच्या ग्रूपवर त्याने लिहिलं, ‘त्या सात ओळी ज्याने लिहिल्या तो माणूस अतिशय भित्रा असणार. स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र विचारत असेल.’ त्यावर बावीस जणांनी हसरे चेहरे टाकले. मोरेश्वरने ते मोजले.

त्याचा बॉस कुश चौतीस वर्षांचा होता. आईवडील सोलापूरचे, पण हा इथेच जन्मलेला. मराठी समजायचं, बोलायचा मात्र इंग्रजीच. त्याने केक मागवला. केकवर 41% असं लिहिलं होतं आणि खाली MO. ऑफिसात मोरेश्वरला सगळे ‘मो’ म्हणायचे. एवढा मोठा देश, पण त्याच्या नावाची पुढची तीन अक्षरं कोणाला पेलली नव्हती.

बदल नियमाप्रमाणे तपासला गेला. सगळ्या टेस्ट पास झाल्या. फक्त एक टेस्ट राहिली, मशीन चालू असताना अचानक वीज तोडून बघायची. ती करणारं यंत्र दोन वर्षांपासून बिघडलं होतं, आणि ते दुरुस्त करायचं काम ज्या यादीत पडलं होतं ती यादी मोरेश्वरची होती.

मे महिन्यात मंडळाची पिकनिक झाली. परतताना गाडीत त्याची बायको चारुता म्हणाली, “तू आज एक्केचाळीस हा आकडा अकरा वेळा म्हणालास.”

“लोक विचारत होते.”

“एकानेही विचारलं नाही. मी शेजारीच उभी होते.”

चारुता फार्मसिस्ट होती. मोजायची तिला सवय होती.

सांगून समाधान झालं नाही तेव्हा मोरेश्वरने तो नवा कर्नल घरी आणला. घराच्या बेसमेंटमध्ये त्याचं एक मशीन होतं. त्याला तो ‘कोठी’ म्हणायचा. घरातले सगळे फोटो, कागदपत्रं आणि मुलीचं रेकॉर्डिंगचं काम त्या कोठीत असायचं. कोठीला वीज गेल्यावर आधार द्यायला एक बॅटरीही होती, पण ती म्हातारी होऊन रात्रंदिवस टुंकटुंक करायला लागली म्हणून त्यानेच ती काढून गराजमध्ये ठेवली होती. नवी आणायची होती. तेही त्याच यादीत होतं.

मुलगी आन्या सत्तावीस वर्षांची. शिकागोत राहायची आणि डॉक्युमेंट्री फिल्मसाठी साउंड रेकॉर्ड करायची. शनिवार-रविवारी ट्रेनने घरी यायची, कारण तिने स्वतःचं एक काम काढलं होतं. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी माणसांकडून त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायच्या. तिचं मराठी अडखळायचं, पण ऐकायला ती बापापेक्षा हजारपटीने बरी होती. आणि म्हातारी माणसं बोलतात ती ऐकणाऱ्याकडे बघून.

जूनमधल्या एका शनिवारी ती मृणालिनी काकूंकडून दुपारी तीनच्या सुमारास परत आली ती हवेत तरंगतच. मृणालिनी काकू ब्याऐंशी वर्षांच्या, मूळच्या नागपूरच्या. भूलतज्ज्ञ म्हणून शिकागोत चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. नेपरव्हिलमधल्या मराठी लोकांत त्यांचा दरारा असा, की त्या समोर असल्या की माणसं पाठ ताठ करून बसायची. रेकॉर्डिंगला त्या एक वर्ष नाही म्हणत होत्या. आज तीन तास बोलल्या होत्या.

“बाबा, शी वॉज अमेझिंग,” आन्या म्हणाली. “मी आधी कॉपी करते. उद्या शूट आहे, मला रेकॉर्डरचं कार्ड रिकामं पाहिजे.”

“कर. बघ कसं भर्रकन होतं,” मोरेश्वर म्हणाला आणि तिच्या मागोमाग बेसमेंटमध्ये गेला, कारण भर्रकन होताना बघायला त्याला आवडायचं.

खरोखरच भर्रकन झालं. आन्याने नेहमीच्या काटेकोरपणाने फाइल सुरुवातीला आणि शेवटी ऐकून पाहिली. वाजली. मग तिने कार्ड पूर्ण पुसून टाकलं. तेवढ्यात गावचे भोंगे सुरू झाले. टॉर्नेडोची सूचना. चारुताही टॉर्च आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली आली, आणि हुपरीकर कुटुंब कोठीच्या शेजारी जुन्या सोफ्यावर ओळीने बसलं. वर वाऱ्याने काहीतरी आपटलं आणि वीज गेली. कोठीचे हिरवे दिवे विझले.

“माय फाइल...” आन्या अंधारात म्हणाली.

“काही होत नाही,” मोरेश्वर म्हणाला. “फाइल सिस्टीम कोणाची आहे?”

हे वाक्य पुढे त्याला बरेच महिने अंघोळ करताना, गाडी चालवताना, कधीही आठवायचं, आणि आठवलं की तो तोंडाने काहीतरी आवाज करायचा. चारुता विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही.

वादळ बाजूने निघून गेलं. चाळीस मिनिटांनी वीज आली. कोठी वीस सेकंदांत उठली आणि तिने पडद्यावर लिहिलं की तपासणी पूर्ण, दोष नाही. मोरेश्वरने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आन्याने फाइल उघडली, कानाला हेडफोन लावला आणि पुढे-मागे सरकवून ती ठिकठिकाणी ऐकली.

“बाबा, फाइल आहे. साइज बरोबर आहे. तीन तास सात मिनिटं. पण आत काही नाही.”

“व्हॉल्यूम बघ.”

ज्या मुलीचं पोट आवाजावर चालत होतं तिने बापाकडे नुसतं बघितलं.

पडद्यावर आवाजाची लाट दिसायला हवी तिथे एक सरळ रेघ होती. तीन तास सात मिनिटांची सरळ रेघ. ती रेघ कुठून आली हे त्या घरात मोरेश्वरला एकट्यालाच ठाऊक होतं.

“पण मी ऐकलं होतं,” आन्या म्हणाली. “इट प्लेड. तू पण ऐकलंस.”

“ते मेमरीतून वाजत होतं. डिस्कवर अजून गेलंच नव्हतं.”

“मशीन डन म्हणालं.”

“हो.”

“मग ते खोटं बोललं.”

मोरेश्वर म्हणाला, “मी त्याला तसं करायला सांगितलं होतं.”

कार्डावरून काही परत मिळतं का ते संध्याकाळपर्यंत दोघांनी करून पाहिलं. अकरा सेकंद मिळाले. त्यात काकू विचारत होत्या, “हे चालू झालं का?”

आन्या रडली नाही, ओरडली नाही. ती फक्त इंग्रजीत बोलायला लागली. ती रागावली की घरातलं मराठी बंद व्हायचं, हे तिसऱ्या इयत्तेपासून होतं.

रविवारी आन्या पहाटेच शूटला गेली आणि मोरेश्वर कोडचा इतिहास उघडून बसला. कुठली ओळ कोणी, कधी आणि का लिहिली ते सगळं त्यात असतं. हे काम त्याने एप्रिलमध्येच करायला हवं होतं. पण तेव्हा त्याला वाटलं होतं, की भित्र्या माणसाचं नाव कळून काय करायचंय?

नाव कळलं. त्या सात ओळी 2007 साली मोरेश्वर हुपरीकरने लिहिल्या होत्या. शेजारी एक टीप होती, तीही त्याचीच. ‘हे थांबणं मूर्खपणाचं दिसेल. कृपया काढू नका. मी काढून पाहिलं आहे. वीज गेली तर फाइल दिसते आणि आतला मजकूर जातो.’

मग ही टीप एप्रिलमध्ये का दिसली नाही? तो पुढे शोधत गेला. 2016 साली कोणीतरी कोडची साफसफाई करताना ती खोडली होती आणि कारण दिलं होतं, ‘लांबलचक, अनावश्यक टिपा काढल्या.’ साफसफाई करणाऱ्याचं नाव, मोरेश्वर हुपरीकर. आणि तिसरी नोंद यंदाच्या एप्रिलची, ती तर केकसकट आठवत होती.

एका माणसाने कुंपण घातलं, दुसऱ्याने त्यावरची पाटी काढली, तिसऱ्याने कुंपण उपटलं, असं असतं तर निदान कोणाला तरी नावं ठेवता आली असती. इथे तिन्ही कामं एकहाती झाली होती. दोन हजार सात सालचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

त्याने चारुताला बोलावून दाखवलं.

“म्हणजे तो भित्रा माणूस तूच,” ती म्हणाली.

“हो.”

“चाळिशीत बरा होतास की तू.”

ती चहा ठेवायला गेली. मोरेश्वर मात्र तेवढ्या वेळात एका वेगळ्याच विचाराला लागला होता. नवा कर्नल ग्राहकांना चोवीस तारखेला जाणार होता. ग्राहकांकडे पक्क्या बॅटऱ्या असतात, जनरेटर असतात. तिथे वीज जात नाही. म्हणजे हा दोष बाधणार तो फक्त गराजमध्ये बॅटरी ठेवणाऱ्या गाढवांना. मग आत्ताच कशाला गवगवा? पुढच्या खेपेला शांतपणे काहीतरी करता येईल. हा विचार त्याला दुपारपर्यंत चांगलाच पटला. स्वतःला पटवण्यात त्याला कधी फार कष्ट पडत नसत.

दुपारी आन्या शूटवरून आली आणि म्हणाली, “आपण काकूंकडे जातोय. यू आर कमिंग.”

मृणालिनी काकूंनी दार उघडलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि विचारलं, “कोण गेलं?”

“कोणी नाही काकू,” मोरेश्वर म्हणाला. “तुमचं रेकॉर्डिंग गेलं.”

त्यांनी दोघांना आत बसवलं. मोरेश्वर सांगायला लागला. बफर, कॅश, फ्लश असे शब्द त्याच्या तोंडून भराभर बाहेर पडत होते, आणि त्या शब्दांमागे लपायला बरी जागा आहे असं त्याला वाटत होतं. काकूंनी हात वर केला.

“मला समजेल असं सांग. मशीनने काय केलं?”

“मजकूर लिहिला नव्हता, पण लिहिला म्हणून सांगितलं.”

“का?”

“त्याने वेग वाढतो.”

“वाढणारच. न करता केलं म्हणायचं ठरवलं तर कुठलंही काम झटपट होतं. किती वाढतो?”

“एक्केचाळीस टक्के,” मोरेश्वर सवयीने म्हणाला आणि त्याला स्वतःचाच आवाज नकोसा झाला.

“हे अजून कुठे कुठे बसवलंयस?”

“फक्त घरी.”

“आणि बसवणार?”

आन्या त्याच्याकडे बघत होती. हे तिनेही विचारलं नव्हतं.

“चोवीस तारखेला. नऊशे ठिकाणी असेल,” तो म्हणाला. “त्यात हॉस्पिटलं आहेत. पण काकू, त्यांच्याकडे बॅटरी असते.”

“तुझ्याकडे नव्हती?”

“होती. गराजमध्ये आहे,” मोरेश्वर म्हणाला. सकाळपासून रचलेला सगळा युक्तिवाद ब्याऐंशी वर्षांच्या बाईने खुर्चीतून न उठता मोडून ठेवला होता. काकूंनी दोघांना चिवडा दिला. रेकॉर्डिंग परत करणार का, असं आन्याने भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, बुधवारी मी मुलाकडे शुगर लँडला चाललेय, ऑक्टोबरात येईन, तेव्हा बघू. त्या ‘बघू’ म्हणाल्या याचा अर्थ ‘नाही’ असाच दोघांनी धरला.

सोमवारी सकाळी मोरेश्वरने कुशच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

कुश ऐकत राहिला. मग म्हणाला, “मो, सेल्सकडे स्लाइड गेली आहे. किती उरेल?”

“काही नाही उरणार.”

“थोडं तरी?”

“जिथे होतो तिथेच येऊ.”

“एक बटण ठेवता येणार नाही का? ज्याला वेग पाहिजे तो बटण दाबेल.”

“सगळेच दाबतील, कुश. मी पण दाबलं असतं.”

कुशने डोळे चोळले. त्याच्या जागी तो चांगला माणूस होता. फक्त त्याला वरच्यांना तोंड द्यायचं होतं. “मग तूच सांग सगळ्यांना,” तो म्हणाला. “माझ्याने सरळ चेहरा ठेवून नाही सांगवणार.”

दुपारी चाळीस जणांच्या मीटिंगमध्ये मोरेश्वरने त्या तीन नोंदी भिंतीवरच्या पडद्यावर लावल्या. 2007, 2016 आणि यंदाची. तिन्हींसमोर एकच नाव. तो काही बोलायच्या आधीच मागून कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळी खोली हसायला लागली. मोरेश्वरही हसला. हसण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. मग त्याने तीन तास सात मिनिटांची ती सरळ रेघ दाखवली आणि ही एका बाईची गोष्ट होती, असं सांगितलं. तेव्हा हसणं थांबलं.

बदल मागे घेतला गेला. सेल्सवाल्यांनी काही दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. वरच्या पदासाठी त्याचं नाव गेलं होतं, ते कुठेतरी वाटेत मुरलं आणि त्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. आणि वीज तोडून बघायचं ते बिघडलेलं यंत्र आधी दुरुस्त कर, असं कुशने लेखी कळवलं.

यंत्राचा एक भाग यायला सहा आठवडे लागणार होते. तोपर्यंत काय? मोरेश्वर खाली लॅबमध्ये जाऊन हाताने प्लग उपटायला लागला. मशीन चालू करायचं, त्याच्यावर लिहिण्याचा मारा करायचा, मध्येच प्लग उपटायचा, पुन्हा लावायचा आणि काय वाचलं, काय गेलं ते बघायचं. तीस वर्षांच्या अनुभवाचा हा उपयोग. सहावीतलं पोरही हे काम करू शकलं असतं, आणि बहुधा कंटाळून सोडून दिलं असतं. मोरेश्वरने सहाशेच्या वर वेळा ते केलं. जमिनीजवळच्या सॉकेटपर्यंत वाकून त्याची कंबर धरली. चारुताने मलम आणून दिलं आणि त्यावर लेबल चिकटवलं, ‘दिवसातून दोनदा. आकडे न सांगता.’

पण तिथे तासन् तास नुसतं बघत बसावं लागल्याने त्याला एक गोष्ट दिसली. ते थांबणं चुकीचं नव्हतंच. चुकीचं होतं ते प्रत्येकाने वेगळं थांबणं. एकाच क्षणी पन्नास प्रोग्रॅम डिस्ककडे यायचे आणि पन्नासही जण ओळीने तोच प्रश्न विचारून आपापल्या उत्तराची वाट बघत बसायचे. जे एकाच वेळी आलेत त्यांचा मजकूर एकदम पाठवून सगळ्यांसाठी एकदाच विचारलं तर? उत्तर खरं मिळेपर्यंत मात्र कोणालाही ‘झालं’ म्हणायचं नाही. ही कल्पना काही नवी नव्हती. दुसऱ्यांच्या फाइल सिस्टीममध्ये ती बरीच वर्षं होती, आणि मोरेश्वरने तिच्यावरचे लेख वाचून फोल्डरमध्ये व्यवस्थित लावूनही ठेवले होते.

त्याने ते लिहून काढलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच शेजारच्या टेबलापाशी गेला आणि मिहीरला म्हणाला, “जरा बघतोस का? माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.”

“नाहीच ठेवणार,” मिहीर म्हणाला. त्याने चार दिवस घेतले आणि दोन चुका काढल्या. त्यातली एक मोठी होती. त्यानंतर ते दोघे जेवायला बरोबर जायला लागले.

सप्टेंबरअखेर मोजलं तेव्हा वाढ भरली तेरा टक्के. यंत्र एव्हाना दुरुस्त झालं होतं आणि त्याने दोन हजार वेळा वीज तोडून पाहिली. ‘झालं’ म्हणून सांगितलेलं एक अक्षरही गेलं नाही. या वेळी केक आला नाही. मोरेश्वरने त्या ओळींवर पुन्हा एक लांबलचक टीप लिहिली, आणि खाली जास्तीचं एक वाक्य, की ही टीप काढायला मोरेश्वर हुपरीकर आला तर त्याला काढू देऊ नये.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मृणालिनी काकूंचा स्वतःहून फोन आला. “आन्याला म्हणावं शनिवारी ये. आणि तूही ये.”

त्यांच्या हॉलमध्ये आन्याने मायक्रोफोन लावला, पंखा बंद केला आणि स्वयंपाकघरातला फ्रिज घुमतो म्हणून त्याचा प्लग काढायला बापाला सांगितलं. त्या कामात आता त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून आन्याने गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. त्यांच्या धंद्यात तशीच पद्धत आहे म्हणे. मोरेश्वर स्वयंपाकघरातच बसणार होता, पण काकू म्हणाल्या, “इथे बस. गप्प बसता येत असेल तर.”

तो कोपऱ्यात बसला.

“मागच्या वेळी मी विमान, बर्फ, पहिला कोट, असलं सांगितलं,” काकू म्हणाल्या. “ते सगळ्यांचं सारखंच असतं. आज दुसरं सांगते.”

1974 सालची गोष्ट त्यांनी सांगितली. त्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचं ब्लडप्रेशर दर पाच मिनिटांनी मोजायचं आणि हाताने चार्टवर लिहायचं. एका सकाळी हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. पेशंट बस ड्रायव्हर, पंचेचाळिशीचा, धडधाकट. काकूंची त्या दिवशी चौथी केस. आकडे तासभर एकसारखे येत होते. पुढची केस लवकर सुरू करता यावी म्हणून त्यांनी पुढच्या वीस मिनिटांचे चार आकडे आधीच लिहून टाकले आणि दुसरी तयारी करायला लागल्या.

“सर्जन म्हणाले, रक्त काळसर दिसतंय,” काकू म्हणाल्या. “मी वळून बघितलं तर ऑक्सिजनची नळी सुटलेली. किती वेळ, ते मला आजही माहीत नाही. चार्टवर मात्र सगळं ठीक होतं. माझ्याच अक्षरात.”

आन्याने एकदाही मान हलवली नाही. हेडफोन कानावर दाबून ती बसून होती.

“तो वाचला. नळी मी लावली, रंग परत आला. मला कोणी काही विचारलं नाही, कारण चार्ट होता ना. मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही. पुढे ज्युनियर पोरांना मी फार छळलं. प्रत्येक आकडा माझ्यासमोर मोजायला लावायची. ती मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक होतं.” त्यांनी मोरेश्वरकडे पाहिलं. “जूनमध्ये हा इथे बसून सांगत होता, तेव्हा मला वाटलं, याला दुसऱ्याच दिवशी सांगता आलं आणि मी पन्नास वर्षं...”

“तसं नाही काकू,” मोरेश्वर म्हणाला. “तुम्ही विचारलं नसतं तर मी गप्पच बसणार होतो.”

आन्याने डोळे मोठे करून त्याला गप्प केलं. रेकॉर्डिंग चालू होतं.

ते संपल्यावर ती हळूच म्हणाली, “काकू, हे ठेवायचं का? तुम्ही म्हणालात तर मी डिलीट करते.”

“ठेव.”

आन्याने तिथेच टेबलावर तीन वेगवेगळ्या डिस्कवर तीन कॉपी केल्या. प्रत्येक डिस्क काढून, पुन्हा लावून, पहिल्यापासून ऐकून तपासली. त्यात तासाच्या वर गेला. मोरेश्वरला कशालाही हात लावू दिला नाही. तो आत जाऊन कप विसळत बसला. मग त्याने फ्रिजचा प्लग लावला, किल्ली काढून घेतली आणि बाहेर आला. काकू खिडकीशी उभ्या होत्या.

“तो ड्रायव्हर पुढे कधी भेटला का हो?” त्याने विचारलं.

“भेटला नाही. पण अकरा वर्षं दर ख्रिसमसला मला कार्ड पाठवायचा. माझी काळजी घेतलीत म्हणून थँक्यू.”

“तुम्ही उत्तर द्यायचात?”

“दर वर्षी,” काकू म्हणाल्या. “हवेबद्दल लिहायची. यंदा बर्फ फार पडला, वगैरे.”